मिटलेले कर्ज आणि फिटलेले कर्ज : सुप्याच्या होळीपासून 'सेटल्ड' या शेऱ्यापर्यंत

१/ आजचा धागा लांब आहे आणि त्याची सुरुवात घरातून होते. गेल्या वर्षी आमचा गृहकर्जाचा अर्ज फेटाळला गेला. वडिलांचा पगार पुरेसा, जागेची कागदपत्रे स्वच्छ. परंतु पतअहवालात एका जुन्या वैयक्तिक कर्जापुढे एकच शब्द होता : 'सेटल्ड'. आजीच्या आजारपणात काढलेले ते कर्ज थकले होते. बँकेनेच पत्र पाठवून 'इतकी रक्कम एकरकमी भरा, उरलेली आम्ही सोडतो' असे कळवले होते. आईच्या पाटल्या मोडून ती रक्कम भरली गेली, आणि कर्ज मिटले असे आम्ही सर्वजण समजून चाललो.

२/ मराठीत कर्ज 'मिटते' आणि कर्ज 'फिटते' ही दोन निराळी क्रियापदे आहेत. भांडण मिटते, ऋण फिटते. आमचे कर्ज मिटले होते, फिटले नव्हते. हा भेद मला बँकेच्या टेबलासमोर बसून कळला. माझ्या अभ्यासाचा विषय एकोणिसाव्या शतकातील दख्खनची शेतकी असल्यामुळे थोडी लाजही वाटली, कारण हाच भेद चार जिल्ह्यांच्या विस्तारावर घडलेला मी दोन वर्षे कागदांतून वाचत होतो.

३/ १२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातील त्या काळच्या भीमथडी तालुक्यातील सुपे (आजचा बारामती तालुका). बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतील रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चालून गेली. धान्य, कापड लुटले गेले हे खरे. पण जमावाचा खरा रोख वह्या आणि कर्जरोखे यांवर होता. ते मागून घेतले गेले, हिसकावले गेले आणि जाळले गेले. पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत हेच घडले. ज्या सावकाराने कागद मुकाट्याने काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कोणी हात लावला नाही.

४/ ही ठिणगी आकाशातून पडली नव्हती. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे घर पाडावयास घेतले. देशमुखाचे घर पडते हे गावाने पाहिले, आणि गावाने सावकारावर बहिष्कार घातला. पाणी भरणे, हजामत, शेतीचे काम, सारे बंद. सुप्याला जे पेटले त्याची ऊब करड्याला आधीच लागली होती.

५/ आता कर्जाच्या यंत्रणेकडे वळू, कारण धाग्याचा गाभा तेथे आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने नोंदणी नसलेल्या साध्या कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावणे बंधनकारक केले. हेतू चांगला होता : जुनीपुराणी येणी उकरून कोणी रयतेला छळू नये. घडले उलटे. तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि मुद्दल व थकलेले व्याज एकत्र करून नवे खत लिहून घेई. कालचे व्याज आज मुद्दल होई.

६/ एक हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. मुद्दल १०० रुपये, व्याज दरमहा दोन टक्के, मधे काहीच परतफेड नाही. तीन वर्षांनी खत १७२ रुपयांचे. ते उलटवले की सहा वर्षांनी सुमारे २९६. पुन्हा उलटवले की नऊ वर्षांनी सुमारे ५०९. शंभर रुपये घेतलेला माणूस नवव्या वर्षी न्यायालयात उभा राही तेव्हा त्याच्या हातचा अंगठा पाचशे नऊवर असे.

७/ येथे 'दामदुपट' आठवावी. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येत नाही, हा धर्मशास्त्रातला जुना नियम मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हिंदू ऋणकोंना लावत असत. मग तो आड का आला नाही? कारण दर तीन वर्षांनी 'मुद्दल'च नवे होत होते. दामदुपटीची मर्यादा जागेवर होती, फक्त तिच्याखालची जमीन सरकत होती. एका चांगल्या नियमाने दुसऱ्या चांगल्या नियमाचा गळा कसा दाबला जातो, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

८/ यात सारा दोष सावकाराचा, असे मानणे सरकारच्या सोयीचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव चढले, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली; युद्ध संपले, भाव कोसळले, हात आखडला. त्यातच १८६७ पासून जमीनमहसुलाची फेरआकारणी सुरू झाली आणि काही तालुक्यांत सारा पन्नास टक्क्यांहून अधिक चढला. हप्ता रोखीने आणि ठरल्या तारखेला. सावकाराकडे गेल्यावाचून तो भरणार कसा? सार्वजनिक सभेने हा मुद्दा दंग्यांपूर्वीच लावून धरला होता. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे सभासद ऑकलंड कॉल्विन यांनीही साऱ्याच्या ओझ्यावर स्वतंत्र टिपण लिहिले.

९/ (एक सावधगिरी. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ साली लिहिलेल्या लेखात या दंग्यांचे महत्त्व फुगवले गेले आहे असा युक्तिवाद केला. दंगे भौगोलिकदृष्ट्या मर्यादित होते, ही त्यांची बाजू मला पटते. परंतु त्यांतून जो कायदा जन्मला तो मुळीच मर्यादित नव्हता, आणि आपल्याला कायद्याशी कर्तव्य आहे.)

१०/ दंगे आणि कायदा यांच्यामध्ये १८७६-७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि १८७९ च्या पूर्वार्धात वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड. त्याच वर्षी 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' संमत झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. त्याची कलमे वाचताना आजही आश्चर्य वाटते, कारण 'खत म्हणजे करार आणि करार म्हणजे अंतिम शब्द' हे ज्या सत्तेने स्वतःच रुजवले, तिनेच ते येथे उपटून काढले.

११/ बाराव्या कलमाने न्यायाधीशाला खताच्या पाठीमागे जाण्याची आज्ञा दिली. ऋणकोने कर्ज कबूल केले तरी थांबू नका. व्यवहाराच्या आरंभापासूनचा इतिहास तपासा. (न्यायाधीशाला कायद्याने इतिहासकार केले, असे आम्ही वर्गात विनोदाने म्हणतो.) तेराव्या कलमाने मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी करावयास लावली, व्याजाचे मुद्दल झालेले असेल तर ते सहसा धरू नका असे सांगितले आणि दामदुपट लागू केली. विसाव्याने हुकूमनाम्याची रक्कम हप्त्यांनी देण्याची मुभा दिली. एकविसाव्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले.

१२/ वरचा आमचा हिशेब आता पुन्हा मांडा. खतावर ५०९, या कायद्याने मुद्दल १००, व्याज फार तर आणखी १००, म्हणजे जास्तीत जास्त २००, आणि तेही हप्त्यांनी. शिवाय दावा लावण्यापूर्वी सलोखा घडवणाऱ्या पंचांपुढे जाणे आवश्यक होते. तेथे दोन्ही बाजूंनी काही सोडून तडजोड करावी अशी अपेक्षा. आजच्या भाषेत सांगायचे तर चार जिल्ह्यांतील प्रत्येक शेतकऱ्याला 'सेटलमेंट' मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला.

१३/ आणि येथून खरी गोष्ट सुरू होते.

१४/ न्यायालयाच्या दप्तरात दोनशे लिहिले गेले, तरी सावकाराच्या खतावणीत तीनशे नऊ बुडाल्याची नोंद राहिलीच. त्या वहीला कोणतेही कलम पोहोचत नव्हते. पत ही शेवटी कोणाच्या तरी वहीतील आठवण असते, आणि गावात एकच सावकार, फार तर दोन-तीन. पेरणीला बी हवे, बैल मेला, लेकीचे लग्न निघाले, साऱ्याचा हप्ता आला, की पाय त्याच ओट्याकडे वळणार. तेथे बसलेल्या माणसाला कायद्याने तुमच्याविरुद्ध हरवलेले असते.

१५/ त्यातही एक गंमत पाहा. आज शेरा व्यक्तीच्या नावापुढे लागतो. १८७९ मध्ये तो एका वर्गाला लागला. कायद्याने 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या केली, आणि त्या व्याख्येत बसणारा प्रत्येक माणूस सावकाराच्या दृष्टीने भावी सवलतीचा हक्कदार, म्हणून धोक्याचे कूळ झाला. ज्याने आयुष्यात एकदाही हप्ता चुकवला नव्हता तोही. संरक्षण सर्वांना मिळाले, म्हणून संशयही सर्वांच्या वाट्याला आला.

१६/ सावकारांनी कर्ज देणे थांबवले का? पूर्णपणे नाही, त्यांचाही धंदा होता. त्यांनी तारण बदलले. कायद्याच्या बाविसाव्या कलमात एक फट होती. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात शेतकऱ्याची जमीन जप्त करून विकता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र ती जमीन त्या कर्जासाठी खास गहाण दिलेली असेल तर हे संरक्षण नव्हते. सावकाराने हे वाक्य नीट वाचले. पूर्वी जो माणूस शब्दावर किंवा साध्या खतावर पैसे देई, तो आता म्हणू लागला : आधी जमीन लिहून दे.

१७/ म्हणजे कर्जात सूट देणाऱ्या कायद्याने साधी पत संपवली आणि गहाणाची मागणी वाढवली. गहाणाचेही प्रकार होते. 'नजरगहाण' म्हणजे जमीन कुळाच्याच ताब्यात, सावकाराचा फक्त कागदावर हक्क. 'ताबेगहाण' म्हणजे जमिनीचा ताबा सावकाराकडे आणि पीक व्याजापोटी त्याचे. परंतु गहाण म्हटले की न्यायालय हिशेब तपासणार, दामदुपट लावणार, सोडवणुकीचा हक्क मान्य करणार. सावकाराला तेही नको होते. मग निघाली तिसरी वाट.

१८/ खरेदीखत. कागदावर शेतकरी जमीन विकतो. तोंडी ठरते की पैसे परत केले की जमीन परत. कधी कागदातच मुदत घातलेली असे. तिला 'मुदतखरेदी' म्हणत. विकलेली जमीन तोच शेतकरी कसत राही, फक्त आता मालक म्हणून नव्हे. सावकाराला कबुलायत लिहून देऊन, खंड भरून. आणि तो खंड बहुधा व्याजाइतकाच. व्यवहार कर्जाचा, पोशाख विक्रीचा. विक्रीला ना दामदुपट, ना हप्तेबंदी, ना मागील इतिहासाची चौकशी.

१९/ तोंडी शब्द पाळला गेला तर ठीक. न पाळला तर? लेखी दस्तऐवजाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, हे पुराव्याच्या कायद्याचे सूत्र शेतकऱ्याच्या आड येई. पुढे सरकारला कायद्यात १०-अ हे कलम घालावे लागले : कागदावर विक्री लिहिली असली तरी व्यवहाराचे खरे स्वरूप काय होते याची न्यायालयाने चौकशी करावी. हे कलम घालावे लागले, यावरूनच ही वाट किती रुळलेली होती ते कळते. त्यानंतर वकिलांनी दुसरे टोक पकडले : माझा अशील 'शेतकरी' आहे की नाही, यावरच वर्षानुवर्षे वाद. सवलत हवी असणारे खाऊनपिऊन सुखी लोकही शेतकरी म्हणवून घेऊ लागले.

२०/ या कायद्याची अंमलबजावणी ज्यांनी जवळून पाहिली त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी त्यांनी अनेक वर्षे याच कायद्याखालील न्यायालयांची तपासणी केली. गावोगाव फिरती, रमाबाई सोबत असत. रानड्यांना कायद्याचे मोल ठाऊक होते, आणि मर्यादाही. जुने कर्ज कमी करणे हे अर्धे काम. उरलेले अर्धे म्हणजे उद्याचे कर्ज कोण देणार.

२१/ म्हणून विल्यम वेडरबर्न यांच्यासह पुण्यात एका शेतकी बँकेची योजना आखली गेली. पुरंदर तालुक्यात प्रयोग करायचा : आधी जुनी देणी तडजोडीने ठरवून चुकती करायची, आणि मग त्याच शेतकऱ्याला बँकेने माफक व्याजाने नवे कर्ज द्यायचे. मला ही योजना त्या शतकातील सर्वांत शहाणी कल्पना वाटते, कारण तडजोड आणि नवी पत यांना तिने एकाच गाठीत बांधले होते. रिपन यांच्या सरकारने तिला अनुकूलता दाखवली. लंडनमधील भारतमंत्र्यांच्या कार्यालयाने ती नाकारली. १८८३ व १८८४ मध्ये तगाईचे कायदे झाले, पण तगाई मिळवताना होणाऱ्या खेपा आणि विलंब पाहता सावकाराचा ओटा जवळचा ठरत राहिला. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडले.

२२/ मग १८७९ चा कायदा फसला का? परीक्षेत हा प्रश्न आला की 'होय' लिहिण्याची पद्धत आहे. मी ते लिहीत नाही. कैदेची भीती गेली, ही लहान गोष्ट नाही. न्यायालयात एकतर्फी निकालांची रांग लागत असे, तेथे कुळाचे म्हणणे ऐकले जाऊ लागले. पावत्या आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क मिळाला. कायदा पुढे इलाख्याच्या अन्य भागांतही नेला गेला, आणि १९३९ व १९४७ च्या कर्जनिवारण कायद्यांनी जागा घेईपर्यंत टिकला. फसली ती एकच समजूत : की रक्कम कमी केली म्हणजे माणूस कोरा झाला.

२३/ आता आजकडे. खतावणीची जागा 'सिबिल'सारख्या पतमाहिती कंपन्यांनी घेतली आहे. 'सिबिल'ची स्थापना २००० सालची, या कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ चा. ३०० ते ९०० असा गुणांक सर्वांना ठाऊक असतो. त्याखालचे शेरे फारसे कोणी वाचत नाही. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड', तडजोडीने कमी रकमेत मिटवलेल्यापुढे 'सेटल्ड', बँकेने बुडीत धरलेल्यापुढे 'रिटन ऑफ'. ही माहिती किमान सात वर्षे जपली जाते. गृहकर्ज वीस-वीस वर्षांचे असल्याने तेथील अधिकारी गुणांकापेक्षा शेऱ्याकडेच आधी पाहतो, हे मला आता अनुभवाने माहीत आहे.

२४/ जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीच्या कर्जांसाठी नवी चौकट घालून दिली. तिच्यानुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी बँकेने किमान बारा महिने थांबावे. मात्र ही किमान बारा महिन्यांची अट शेतीकर्जांना नाही. तेथील मुदत बँकांनी आपल्या धोरणानुसार ठरवावी. ते वाक्य वाचताना मी थबकलो. शेतकऱ्याचे कर्ज निराळ्या मापाने मोजावे लागते, ही १८७९ ची जाणीव दीडशे वर्षांनीही एका परिपत्रकाच्या कोपऱ्यात जिवंत आहे.

२५/ एक मोठा फरकही नोंदवायला हवा. सावकाराच्या वहीत आपल्याविषयी काय लिहिले आहे ते कुळाला कधी दिसत नसे. दिसले तरी बहुतेकांना वाचता येत नसे. आजचा अहवाल आपण मागवू शकतो, चूक असेल तर तक्रार करू शकतो. आणि 'सेटल्ड' हा शेरा कायमचा शिलालेख नव्हे. सोडलेली रक्कम नंतर भरण्याची तयारी दाखवली आणि बँक राजी झाली, तर थकबाकी नसल्याचा दाखला घेऊन ती नोंद 'क्लोज्ड' करून मिळू शकते. मागचे चुकलेले हप्ते मात्र त्यांच्या तारखांसह दिसत राहतात.

२६/ तडजोड करूच नये असे मी म्हणत नाही. पाटल्या मोडल्या त्या वेळी आमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि करड्याच्या देशमुखांपुढे तोही नव्हता. पत्रावर सही करण्यापूर्वी 'यानंतर शेरा कोणता लागेल?' एवढा प्रश्न बँकेला लेखी विचारा. आम्ही विचारला नाही. वडिलांनी यंदा उरलेली रक्कम भरली. दाखला आला आहे, नोंद बदलण्याची वाट पाहतो आहोत.

२७/ शेवटी एक विनंती. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या भागांतील कोणाच्या घरी जुन्या ट्रंकेत १८८० नंतरची खरेदीखते असतील तर ती नीट पाहा. जमिनीची किंमत संशयास्पद कमी आहे का? त्याच सुमाराची, त्याच दोन नावांची कबुलायत जोडीला आहे का? खंडाची रक्कम किमतीशी ताडून पाहा. ती दरसाल दर शेकडा बारा, अठरा, चोवीस अशा ओळखीच्या आकड्यावर येते का? येत असेल, तर तुमच्या पणजोबांनी जमीन विकली नव्हती. त्यांनी कर्ज काढले होते. कागदाचा फोटो पाठवा. मोडी वाचून द्यायला मी तयार आहे.